संगणकाच्या पेटीवरील झिणझिण्या आणि घरचे अर्थिंग

संगणक हे यंत्र आता शहरातील कचेऱ्यांपुरते राहिलेले नाही. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा मिळू लागला. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली, व तीत देशातील ६३,००० संस्थांचा समावेश केला. कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांत वजनाचा काटा, फॅट काढण्याचे यंत्र आणि संगणक एकमेकांस जोडलेले असणे ही आता नवलाची गोष्ट नव्हे. हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव तर इचलकरंजीस लागूनच आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि त्यानंतर आसपासच्या गावांतही मागांचा खडखडाट पोहोचला. अशा गावात शेतीचा पंप, गोठ्यातील कडबा कुट्टी यंत्र, मागाची मोटार आणि हिशेबाचा संगणक ही सर्व यंत्रे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, आणि पुष्कळदा एकाच घराच्या मीटरवर चालतात.

या संगणकाबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते. पेटीच्या मागील पत्र्यास किंवा एखाद्या स्क्रूस हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. पावसाळ्यात व अनवाणी असताना त्या अधिक जाणवतात. या तक्रारीस मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, संगणकाला एवढा करंट असतोच. कोणी प्लग उलटा करून पाहण्यास सांगतो, तर कोणी पायाखाली लाकडी फळी घेण्याचा सल्ला देतो. फळी घेतल्याने झिणझिण्या थांबतात हे खरे, परंतु ते दुखण्यावर पांघरूण घालणे होय. या झिणझिण्यांचा अर्थ एकच असतो, तो असा की संगणकाची पेटी आणि जमीन यांना जोडणारी तार कोठेतरी तुटलेली आहे, किंवा ती मुळात घातलेलीच नाही. जी तार संगणकाला मिळालेली नाही, ती त्याच घरातील मिक्सरला, पाण्याच्या मोटारीला व कडबा कुट्टी यंत्रालाही मिळालेली नसण्याचा संभव फार मोठा असतो. फरक इतकाच की संगणक ते आधी सांगतो आणि बाकीची यंत्रे सांगत नाहीत. असे का होते, हे समजण्यासाठी संगणकाच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

झिणझिण्या कोठून येतात

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्ट इतक्या कमी दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर करणारा पत्र्याचा एक डबा पेटीच्या मागील बाजूस बसविलेला असतो. बाजारात त्यास एसएमपीएस म्हणतात. हा डबा विजेच्या प्रवाहाची सेकंदास हजारो वेळा तोडजोड करून आपले काम साधतो. या तोडजोडीत जो गोंगाट उत्पन्न होतो तो तारेवाटे बाहेर जाऊ नये, आणि शेजारच्या मागांच्या मोटारी सुरू व बंद होताना तारेवर जे हिसके बसतात ते आत येऊ नयेत, म्हणून वीज जेथून आत शिरते तेथेच एक गाळणी ठेवलेली असते.

या गाळणीत हरभऱ्याएवढे दोन कंडेन्सर असतात. पंपाच्या मोटारीला लावतात त्याच जातीचे, पण फारच लहान. त्यांपैकी एक फेज आणि पेटीचा पत्रा यांच्यामध्ये जोडलेला असतो, तर दुसरा न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये. गाळलेला सर्व गोंगाट पत्र्यावर येऊन तेथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी ही योजना आहे. म्हणजे अर्थिंग आहे असे गृहीत धरूनच हे यंत्र घडविलेले आहे. गाळलेले पाणी वाहून नेणारी मोरीच तुंबली तर न्हाणीघरात जे होते, तेच अर्थिंग नसलेल्या पेटीत होते. पत्रा अधांतरी राहतो. दोन सारख्या कंडेन्सरांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे त्याच्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. टेस्टर लावला की त्यातील दिवा लागतो आणि घरातील माणसे घाबरतात.

दाबाचा आकडा मोठा असला तरी या कंडेन्सरांतून येऊ शकणारा प्रवाह अल्प असतो. नेहमीच्या मापाच्या कंडेन्सरचा हिशेब केल्यास तो सुमारे एक तृतीयांश मिलिअँपिअर भरतो. मनुष्यास अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह स्पष्ट जाणवतो, व अलगद फिरणाऱ्या बोटास त्याहून कमीही कळतो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढील प्रवाह शरीरातून काही काळ वाहत राहिला तर हृदयाची क्रिया बिघडून मृत्यू ओढवू शकतो. या मोजपट्टीवर संगणकाच्या झिणझिण्या तळाशी आहेत. तथापि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर संगणक, पडदा, छपाईयंत्र अशी चार-पाच यंत्रे असून त्या बोर्डाचीच अर्थिंगची तार तुटलेली असेल, तर सर्वांचे प्रवाह एकत्र येतात आणि एकाच पेटीला हात लावणाऱ्यास दीड-दोन मिलिअँपिअरचा धक्का बसतो. तेवढ्याने माणूस मरत नाही, परंतु दचकून मागे पडतो. मागे फिरता माग किंवा चालू पंखा असेल तर ते पडणेही लहान राहत नाही.

आता कडबा कुट्टी यंत्राकडे पाहू. त्यात असली गाळणी नसते. त्यामुळे त्याचे अर्थिंग तुटले तरी काहीच जाणवत नाही. वर्षानुवर्षे यंत्र बिनतक्रार चालते. मग एखाद्या दिवशी मोटारीच्या वेटोळ्यावरील आवरण जळते, किंवा धारेवर घासून वायर उघडी पडते, आणि यंत्राच्या अंगावर एकदम २३० व्होल्ट येतात. त्यांच्यामागे कंडेन्सरचा अटकाव नसतो, संपूर्ण ट्रान्सफॉर्मर असतो. ओल्या गोठ्यात अनवाणी उभे राहून वैरण घालणाऱ्या बाईस किंवा गड्यास ती पहिली आणि शेवटची सूचना ठरते. म्हणूनच पेटीवरील झिणझिण्यांची तक्रार आली की केवळ संगणक दुरुस्त करणाऱ्यास न बोलावता, वायरमनकडून घरातील सर्व जोडण्या तपासून घ्याव्यात.

एवढ्या दाबाने प्रवाह किती वाहील?

अर्थिंग म्हणजे यंत्राचा पत्रा जमिनीस जोडणे, इतके सर्वांस माहीत असते. परंतु एक लोखंडी नळी पुरली की धोका टळला, ही समजूत मात्र खरी नाही. थोडा हिशेब करून पाहू.

समजा, घरच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलचे जे अर्थिंग केलेले असते त्याचा रोध २ ओहम आहे. यंत्रात फेजची तार पत्र्यास चिकटली, तर प्रवाह पत्र्यातून घरच्या नळीने जमिनीत उतरेल व जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जाईल. वाटेतील एकूण रोध १२ ओहम. २३० ला १२ ने भागले असता सुमारे १९ अँपिअर येतात. बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी असेल तर एवढ्या प्रवाहाने ती लगेच पडत नाही. एक तास उलटला तरी पडेलच याची खात्री नसते. तोपर्यंत पत्र्यावर दाब किती राहील? १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट! अर्थिंग असूनही यंत्र जीवघेणेच राहिले.

या अडचणीवर उपाय आहे. बाजारात ईएलसीबी या जुन्या नावाने मागितले जाणारे, आणि आता ज्यास आरसीसीबी म्हणतात ते उपकरण मुख्य बोर्डावर बसवावे. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलवरून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करीत असते. या दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्या वाटेने गळू लागला, की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ते पुरवठा तोडते. वरील उदाहरणात ३० मिलिअँपिअर प्रवाह १० ओहममधून गेल्यास पत्र्यावर अर्धा व्होल्टही दाब येत नाही. अर्थिंग वाईट होऊन १०० ओहमवर गेले तरी दाब ३ व्होल्टच राहतो. व्यक्तींच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचेच उपकरण घ्यावे; १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे उपकरण आग टाळण्याच्या कामी येते, माणूस वाचविण्याच्या कामी येत नाही. त्यावर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे आणि पुरवठा तुटतो की नाही ते पाहावे.

उपकरण बसविले म्हणून अर्थिंगची गरज संपत नाही. अर्थिंगची तार नसेल तर गळतीला वाट नसते, आणि उपकरण तेव्हाच पडते जेव्हा ती वाट एखाद्या माणसाच्या शरीरातून तयार होते. अर्थिंग असल्यास ते माणसाचा हात लागण्यापूर्वीच पडते. शिवाय संगणकाच्या गाळणीस मोरी हवी असते, ती आरसीसीबी देऊ शकत नाही.

काळी जमीन, मुरूम आणि मे महिना

अर्थिंगसंबंधी भारतीय मानक आय. एस. ३०४३ प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाले; १९८७ व २०१८ साली ते सुधारण्यात आले. घर, गोठा किंवा लहान कारखाना यांसाठी त्यातील नळीची पद्धत सोयीची आहे. ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाची व अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी जमिनीत उभी पुरतात. खड्डा इमारतीच्या भिंतीपासून निदान दीड मीटर दूर असावा. नळीभोवती लोणारी कोळसा व मीठ यांचे आलटून पालटून थर देण्याची जुनी रीत आहे. मिठामुळे जमिनीचा रोध कमी होतो, पण नळीही लवकर गंजते, ही त्या रीतीची दुसरी बाजू आहे. म्हणून बेंटोनाइटसारख्या ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा उपयोग करणे, थोडा खर्च अधिक आला तरी, चांगले. नळीच्या वरच्या टोकास नरसाळे बसवून पाणी घालण्याची सोय करावी, आणि तारेचा जोड दिसेल असा चौकोनी हौद वर बांधून त्यावर झाकण ठेवावे. जोड मातीखाली गाडून टाकला की तो तुटल्याचे कोणासही कळत नाही.

जमिनीच्या जातीवर पुष्कळ अवलंबून असते. पंचगंगेच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन ओली असताना विजेस उत्तम वाट देते. तिचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटर धरला तर वरील मापाच्या एका नळीचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास येतो. मुरमाड जमिनीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर धरला तर त्याच नळीचा रोध दहापट, म्हणजे सुमारे ३५ ओहम होतो. काळ्या जमिनीचा एक दोष मात्र शेतकऱ्यास वेगळा सांगावयास नको. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. भेग नळीला लागूनच पडली तर माती नळीपासून सुटते, आणि ऑगस्टमध्ये चार ओहम असलेले अर्थिंग मे महिन्यात कितीतरी पटीने वाईट होते. नेमक्या त्याच सुमारास वळिवाच्या विजा कडाडू लागतात. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये; ती उन्हाळ्याच्या अखेरीस करावी. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी नरसाळ्यातून घालावे. उसाच्या पाटाजवळ नळी पुरण्याची जागा मिळाली तर तीच निवडावी.

एका नळीने पुरेसा कमी रोध मिळत नसेल तर दुसरी पुरून दोन्ही जोडाव्यात. दोहोंतील अंतर नळीच्या लांबीच्या दुप्पट असावे. जवळजवळ पुरल्यास दुसरीचा फारसा लाभ होत नाही.

करू नयेत अशा युक्त्या

पहिली व सर्वांत घातक युक्ती म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलच्या टोकापासून अर्थिंगच्या टोकापर्यंत तारेचा तुकडा जोडणे. जुन्या दोन तारांच्या वायरिंगमध्ये तीन पिनांचे सॉकेट बसविताना हा प्रकार करतात. त्याने झिणझिण्या ताबडतोब थांबतात, त्यामुळे करणाऱ्यास आपण मोठा रोग बरा केला असे वाटते. परंतु खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रलची तार कधीतरी सैल होते किंवा तुटते. अशा वेळी घरातील एखादा दिवा जरी चालू असला तरी फेज त्या दिव्यातून न्यूट्रलच्या तारेवर येतो, आणि तेथून तारेच्या तुकड्यावाटे संगणकाच्या पत्र्यावर पूर्ण दाबाने उतरतो. आरसीसीबी बसविलेली असेल तर हा तुकडा ती ओळखते व वारंवार पडते. मग काही कारागीर तारेचा तुकडा काढण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतात!

दुसरी युक्ती पिनेबाबत. तीन पिनांच्या प्लगातील वरची पिन अधिक लांब व जाड असते. प्लग घालताना अर्थिंग सर्वांच्या आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावे, यासाठी ती तशी केलेली आहे. सॉकेट दोन पिनांचे आहे म्हणून ती पिन कापणे किंवा दोन पिनांचा जोड मध्ये घालणे म्हणजे ही सर्व व्यवस्था मोडणे होय. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांपैकी काहींत तिसरे छिद्र असते, पण आतील केबल दोन तारांचीच असते. घेताना प्लगची वरची पिन व बोर्डाचे वरचे छिद्र यांमधून वीज वाहते की नाही हे दुकानदाराकडून मीटर लावून पाहून घ्यावे.

पाण्याच्या नळास अर्थिंग जोडण्याची रीत पूर्वी होती. आता नळ पीव्हीसीचे झाले आहेत, त्यामुळे ती जोडणी जमिनीपर्यंत पोहोचतच नाही; उलट लोखंडी तुकडा जेथे शिल्लक असेल तेथील तोटीस हात लावणाऱ्यास धक्का बसू शकतो.

न्यूट्रल नाहीसा झाला असता फेज व अर्थिंग यांवर दिवा किंवा दूरदर्शन संच चालविण्याची खोडही अशीच आहे. अर्थिंग ३५ ओहमचे असून त्यावरून दोन अँपिअर प्रवाह नेला तर त्या अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर ७० व्होल्ट दाब चढतो. संगणकाच्या पेटीवर, पंपाच्या स्टार्टरवर आणि गोठ्यातील यंत्रावरही. नळीच्या आसपासच्या जमिनीतही दाबाचा चढउतार उत्पन्न होतो. गाई-म्हशींच्या शरीराचा रोध माणसापेक्षा कमी असतो आणि त्यांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात. त्यामुळे बूट घातलेल्या माणसास मुळीच न कळणारा थोड्या व्होल्टचा फरक जनावरास कळतो. म्हैस एकाच जागी उभी राहण्यास नाखूष असेल किंवा ओल्या फरशीवर पाय झाडीत असेल, तर गोचीड व जखम पाहून झाल्यावर अर्थिंगही पाहावे.

शेवटची युक्ती शहाणपणाच्या वेषात येते. संगणकासाठी स्वच्छ, स्वतंत्र अर्थिंग करावे आणि ते मागांच्या किंवा घराच्या अर्थिंगपासून अलग ठेवावे, असा सल्ला देण्यात येतो. कारखान्यातील तीन फेजच्या मोटारींना दोन स्वतंत्र तारांनी अर्थिंग देण्याचा नियम १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता. तो पाळून मागांचे अर्थिंग चांगले केलेले असते, पण शेजारच्या हिशेबाच्या खोलीत वेगळीच नळी असते. ही व्यवस्था वादळात तोट्याची ठरते. जवळपास वीज पडली की दोन नळ्यांच्या दाबात क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. आणि दोन अर्थिंगवरील यंत्रे एखाद्या केबलने जोडलेली असली तर तो फरक त्या नाजूक केबलमधूनच मिटविला जातो. नळ्या कितीही असोत, त्या सर्व जाड तारेने एकमेकींस जोडलेल्या असाव्यात. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. सामाईक अर्थिंगचा रोध वाईट असेल आणि मागाच्या मोटारीत बिघाड झाला, तर त्या बिघाडाचा दाब सामाईक तारेने संगणकाच्या पेटीवर येतो. येथेही रक्षण आरसीसीबीच करते.

दूध संस्थेची खोली

दूध संकलनाची खोली ही या सर्व गोष्टींची कसोटीच असते. फरशी दिवसातून दोनदा धुतली जाते. काटा एका भिंतीवरील सॉकेटवर, फॅटचे यंत्र दुसऱ्या आणि संगणक तिसऱ्या सॉकेटवर असतो, आणि तिघांस माहिती वाहून नेणाऱ्या बारीक केबली जोडतात. या केबलीतील एक तार संगणकाच्या पत्र्याशी जोडलेली असते. समजा संगणकास अर्थिंग नाही, पण फॅटच्या यंत्रास आहे. मग संगणकाची गळती अर्थिंग शोधीत त्या बारीक केबलीतून फॅटच्या यंत्राकडे वाहते. परिणामी आकडे थरथरतात, एखादे माप मध्येच हरवते, संगणक अडखळतो. अधांतरी असलेल्या, ११५ व्होल्ट चढलेल्या पेटीस चालू स्थितीत केबल खोचली असता पहिल्या स्पर्शालाच तो दाब माहितीच्या तारेतून निसटतो व सिरियल पोर्ट जळतो. मग संगणक वाईट निघाला म्हणून कंपनीस बोल लावला जातो.

अशा वेळी सभासदाच्या मनात शंका येणे साहजिक आहे. फॅटचा एक दशांश आकडा इकडे तिकडे झाला तर त्याच्या पदरात पडणाऱ्या पैशांत फरक पडतो. म्हणून संस्थेच्या सचिवांनी ही बाब केवळ यंत्राची मानू नये. सर्व यंत्रे एकाच चांगल्या बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्यावीत. बोर्ड फरशीपासून उंच, पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत असा असावा. केबल जोडताना वा काढताना दोन्ही बाजूंची यंत्रे बंद करावीत. अनेक संगणक असलेल्या संस्थेत सर्वांची थोडी थोडी गळती मिळून आरसीसीबी विनाकारण पडू लागते. तेथे दोन-तीन स्वतंत्र सर्किटे करून प्रत्येकास वेगळी आरसीसीबी द्यावी.

तपासणी

वायरमनने मल्टिमीटर घेऊन सॉकेटवर तीन मापे घ्यावीत. फेज व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थिंग यांमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत दाब आढळला तर जोडणी साधारण ठीक समजावी. शेवटचे माप दहा-पंधरा व्होल्ट आले तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा कोणीतरी अर्थिंगवरून प्रवाह नेत आहे. घरात भरपूर वीज वापरली जात असतानाही ते अगदी शून्य आले तर सॉकेटमध्ये वर सांगितलेला तारेचा तुकडा आहे काय ते उघडून पाहावे.

फेज आणि अर्थिंग यांमध्ये दिवा लावून तो उजळला की अर्थिंग उत्तम, असे मानण्याची पद्धत अपुरी आहे. साठ वॅटचा दिवा पाव अँपिअरच घेतो. अर्थिंग १०० ओहमचे असले तरी तो किंचितच मंद दिसतो. दिवा एवढेच सांगतो की तार अखंड आहे. आरसीसीबी असलेल्या घरात तर तो लावताच पुरवठा बंद पडेल, आणि ते योग्यच आहे. नळीचा खरा रोध अर्थ टेस्टरनेच मोजला पाहिजे.

पेटीवरचा दाब गाळणीचा आहे की खऱ्या बिघाडाचा, हे ओळखण्याची रीत सोपी आहे, पण ती जाणकारानेच वापरावी. पेटीचा रंग नसलेला स्क्रू आणि ओल्या जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई यांमध्ये मीटर लावावा, मग त्याच दोन टोकांस १५ वॅटचा साधा दिवा जोडावा. दिवा जोडताच मीटरवरील दाब नाहीसा झाला व दिवा लागला नाही, तर ती गाळणीची गळती होय. दिवा उजळला तर तत्काळ मुख्य स्विच बंद करावा. प्लग पूर्ण काढल्यावरही पेटीवर दाब राहत असेल तर तो केबलीवाटे दुसऱ्या यंत्राकडून येत आहे, असे समजून त्या यंत्राकडे वळावे. हात लावून करंट आहे काय हे पाहण्याची सवय सर्वांनीच सोडावी. एसएमपीएसचा डबा प्लग काढल्यानंतरही काही वेळ आत भार धरून ठेवतो, म्हणून घरी उघडू नये.

वादळ व पूर

यूपीएस असलेल्या ठिकाणी एक बारकावा आहे. यूपीएस स्वतः अर्थिंग उत्पन्न करीत नाही. त्याच्या प्लगमधून आलेले अर्थिंगच तो पुढे देतो. वळिवाचे ढग जमले की त्याचा प्लग उपसण्याची खबरदारी अनेकजण घेतात, आणि पुढे बॅटरीवर काम चालूच ठेवतात. त्या वेळी संगणकावर पूर्ण दाबाची वीज असते, पण अर्थिंग मुळीच नसते. म्हणून आधी काम साठवून संगणक बंद करावा, मग यूपीएस बंद करावा, आणि मगच प्लग तसेच इंटरनेटची व माहितीची तांब्याची केबल काढावी. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे मोबाइलवरील ॲप आपल्या परिसरातील विजेची आगाऊ सूचना देते. तिचा उपयोग शेतात असलेल्या माणसांइतकाच संस्थेच्या कचेरीसही आहे.

पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत अनेक घरांच्या बोर्डांपर्यंत पाणी गेले. असे बोर्ड वरून वाळलेले दिसले तरी आतील जोडांवर गाळ व गंज राहतो, आणि नळीवरचा क्लँप त्यात प्रथम खलास होतो. पूर ओसरल्यावर सॉकेट, स्विच व अर्थिंगचा जोड बदलल्याखेरीज संगणक, पंप किंवा कुट्टी यंत्र सुरू करू नये. पुरात भिजलेला एसएमपीएस दुरुस्त करून वापरण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते.

दरवर्षी मे महिन्यात अर्थ टेस्टरने मोजलेला रोध, मोजणीची तारीख व मोजणाऱ्या वायरमनचे नाव मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावे. पुढील वर्षी आकडा वाढलेला दिसला तर प्रथम पाणी घालून पाहावे, नंतर जोड खरवडून घट्ट करावा, आणि एवढ्यानेही तो उतरला नाही तर दुसरी नळी पुरावी.